चढावरची दोन बोटं

आमचे हे रिटायर झाले तेव्हा ऑफिसने त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि वर एक लांबलचक भाषण ऐकवलं. घड्याळ महिनाभरात बंद पडलं. भाषण मात्र अजून चालू आहे. फरक इतकाच की आता ते हे करतात आणि ऐकायला एकटी मी असते.

ह्यांची नोकरी ड्रायव्हिंगची परीक्षा घेण्याची. लायसन्स काढायला आलेल्या माणसाच्या शेजारच्या सीटवर बसायचं, त्याला ठरलेल्या रस्त्यांवरून गाडी चालवायला लावायची, मधूनच खणखणीत आवाजात "थांबा!" म्हणायचं, तो कसा थांबतो ते बघायचं, आणि शेवटी उतरताना सांगायचं, "पुढच्या महिन्यात या." पास झालेल्यांना हे काय सांगत असत ते मला माहीत नाही, कारण पहिल्या फटक्यात पास झालेला माणूस मला आमच्या शहरात भेटलेला नाही. किराणावाल्याला ह्यांनी नापास केलंय, आमच्या फॅमिली डॉक्टरांना केलंय. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना तर इतक्यांदा केलंय की ह्यांची दाढ ठणकायला लागली तेव्हा हे गाल धरून बसून राहिले, पण खाली जायला तयार होईनात. "त्याच्या हातात पक्कड असणार," म्हणाले. सगळी कॉलनी ह्यांना पाठीमागे नापाससाहेब म्हणते. ह्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

हे रिटायर झाले, पण ह्यांच्या सवयींना कोणी निरोप दिला नव्हता. सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसतात. खालून कॉलनीतल्या गाड्या बाहेर पडत असतात. "आरसा बघितला नाही. नापास. हा सिग्नल न देता वळला. नापास." एकदा समोरच्या इमारतीतली नवी आई बाळाची ढकलगाडी फुटपाथवरून खाली उतरवत होती, तिलाही सोडलं नाही. घरातही तेच. मी ओट्यावरून गरम भांडं घेऊन वळले आणि हे मागे उभे असले, तर चुकी माझी. "वळण्याआधी मागे बघायचं असतं." मी म्हटलं, "स्वयंपाकघरात ओव्हरटेक करायचं नसतं."

आणि तो खडू! परीक्षेत चढावर गाडी थांबवायला लावली की हे स्वतः खाली उतरायचे आणि मागच्या चाकाला टेकून रस्त्यावर खडूची रेघ मारायचे. मग म्हणायचे, "निघा." गाडी पुढे जाण्याआधी रेघेवरून किती मागे सरकली ते बघायचे. शहरात दुसरं कोणी असं करत नव्हतं. वरच्या साहेबांनी सांगितलं, अंदाजाने बघा की. हे म्हणाले, अंदाज नातेवाइकांचा लागतो, अनोळखी माणसाचा लागत नाही. त्याचा अर्थ त्या साहेबांनाही कळला नसावा, मलाही कळलेला नाही. पण आजही ह्यांच्या प्रत्येक पँटच्या खिशात खडूचा तुकडा असतो आणि वॉशिंग मशीनमधून माझे काळे कपडे पांढरे ठिपके घेऊन बाहेर येतात.

मी हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीमागे नोकरी केली. एकच गोष्ट तीन वेळा, चढत्या आवाजात सांगायची मला सवय आहे. ह्यांच्यानंतर रिटायर झाले. घरी आले तर खिडकीजवळची खुर्ची, वर्तमानपत्राची पहिली पानं आणि टीव्हीचा रिमोट, सगळ्यावर ह्यांचा ताबा. मला मिळालं काय, तर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं, आणि तेही ह्यांनी दोन शब्द चुकीचे भरून ठेवलेलं. संध्याकाळी हे बागेतल्या बाकावर जाऊन बसतात. तिथे एक पोस्टमास्तर, एक बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे आणि एक कायमची सर्दी झालेले वकील, सगळे रिटायर. त्या बाकाचा एक अलिखित नियम आहे. एखाद्याने जुनी गोष्ट सांगायला घेतली तर "हे मागे सांगितलंय तुम्ही" असं कोणी म्हणायचं नाही. पोस्टमास्तरांना कुत्रा चावल्याची गोष्ट ह्यांनी इतक्यांदा ऐकलीय की परवा पोस्टमास्तर मध्येच विसरले, तेव्हा पुढची गोष्ट ह्यांनी पूर्ण करून दिली.

असं आमचं छान चाललं होतं. खटके उडत होते, पण त्याशिवाय दिवस जात नाही.

आता माझ्या ताईबद्दल सांगायला हवं. ताई माझी थोरली बहीण. शहराच्या टोकाला टेकडीवर तिचं दोन खोल्यांचं घर आहे. एकटीच असते. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. बस टेकडीच्या पायथ्याशी थांबते आणि तिथून पुढे तिच्या फाटकापर्यंत असा उभा चढ आहे की माझे गुडघे नुसते बघूनच कुरकुरतात. टॅक्सीवाले वर यायला तयार नसतात, कारण गल्ली अरुंद आणि गाडी वळवायला जागा नाही. गेल्या वर्षी ताई बाथरूममध्ये घसरून पडली आणि बराच वेळ तशीच पडून होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आठवड्यातून दोनदा तरी कोणीतरी येऊन बघून जायला पाहिजे, नाहीतर यांना वृद्धाश्रमात ठेवा. ताई म्हणाली, "मी ह्या घरातून आडवीच जाईन." मी म्हटलं, "मग आम्ही येतो."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा आमची जुनी गाडी घेऊन आम्ही जायचो. गाडी हे चालवायचे, मी शेजारी सामानाच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसायची. वर गेलं की मी ताईचे केस धुऊन द्यायची, औषधं डब्यांत भरून ठेवायची, हे नळ, बल्ब, दाराची कडी असलं काहीतरी दुरुस्त करायचे. मग तिघं पत्ते खेळायचो. ताई पत्त्यांत उघड उघड लबाडी करते. जगातल्या कोणालाही न सोडणारे आमचे हे ताईच्या बाबतीत कानाडोळा करतात, कारण ती ह्यांना पहिल्या दिवसापासून "काय इन्स्पेक्टर" म्हणून हाक मारते आणि कशालाच भीत नाही.

आणि मग ह्यांचं लायसन्स संपलं. आमच्याकडे नियम असा की एका वयानंतर लायसन्स नवं करायचं तर पुन्हा रस्त्यावर परीक्षा द्यावी लागते. हे इतके खूश झाले की विचारू नका. गाडी धुतली, आरसे पुसले, स्वतःची दाढी दोनदा केली.

"माझी परीक्षा घेणार कोण, तर मीच तयार केलेली मुलगी," बाकावर सगळ्यांना सांगून आले.

ती मुलगी म्हणजे आता चांगली चाळिशीची बाई, जाड चष्म्याची, शांत स्वभावाची. ह्यांच्या हाताखाली काम शिकली आणि ह्यांच्या जागेवर बसली. ह्यांना अजून सर म्हणते.

मी ऑफिसच्या बाकावर बसून राहिले. पुढचं मला नंतर दोघांकडून कळलं. हे निघाले मस्त. आरसा, सिग्नल, वळण, सगळं नमुनेदार. पण रस्ता तोच, ज्यावरून ह्यांनी सगळी नोकरी शेजारच्या सीटवर बसून काढलेली. शाळेच्या अलीकडे पांढरे पट्टे आहेत. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेले एक गृहस्थ पट्ट्यांवर उतरले. ह्यांनी त्यांना वेळेवर बघितलं, अगदी लांबून बघितलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "थांबा!"

म्हणाले आणि गाडी थांबायची वाट बघत बसले.

त्या बिचारीने हँडब्रेक ओढला म्हणून गाडी थांबली. गृहस्थांना धक्कासुद्धा लागला नाही. ते आपले "थांबा" ऐकून मध्येच थांबले होते आणि गाडीकडे बघत होते.

ऑफिसात परत आल्यावर त्या बाईंचा चेहरा बघवत नव्हता. "सर, मला माफ करा," म्हणाल्या. "मी नाही पास करू शकत."

"माफी कसली मागतेस? पास केलं असतंस तर मी तुझी वर तक्रार केली असती," हे म्हणाले. आवाज ऑफिसातलाच होता, पण गाडीची किल्ली ह्यांनी माझ्या हातात दिली. ती किल्ली मला तरी काय कामाची? गाडी तिथेच ठेवून आम्ही बसने घरी आलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी, दातांच्या, गाडी आणून खाली लावली.

मला वाटलं, ठीक आहे, तीन महिन्यांनी पुन्हा देता येते, तेव्हा देतील. हे नाही म्हणाले. "अगं, समोर माणूस होता. मी त्याला बघितलं आणि पाय हललाच नाही माझा. उद्या शेजारी तू असशील. तू हँडब्रेक ओढणार आहेस का?" ह्यांनी स्वतःला मात्र "पुढच्या महिन्यात या" म्हटलं नाही, ह्याचंच मला फार वाईट वाटलं. बाल्कनीत बसायचे, पण खालून कोणी कसंही वळलं तरी तोंडातून अक्षर काढत नव्हते. मी स्वयंपाकघरात मुद्दाम मागे न बघता वळून बघितलं. काही नाही. नुसते बाजूला झाले.

ताईकडे जायचं कसं, हा खरा प्रश्न. पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरांनी नेलं. भला माणूस, पण शेजारी हे बसलेले. हे एक शब्द बोलले नाहीत, तरी डॉक्टरांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली आणि चढावर गाडी दोनदा बंद पडली. त्यानंतर डॉक्टरांना दर वेळी नेमकं काहीतरी काम निघायला लागलं. मुलगा परगावी असतो. त्याने फोनवर सगळं हातासरशी निकालात काढलं. "आई, गाडी विकून टाका. मावशीसाठी मी एका वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. पुढच्या महिनाअखेरीपर्यंत थांबतील, त्यानंतर खोली दुसऱ्याला देतील." मुलगा वाईट नाही. त्याला फक्त प्रश्न शिल्लक ठेवायला आवडत नाही.

त्या आठवड्यात मी बसने गेले आणि थांबत थांबत, भिंती धरत तो चढ चढले. वर पोचले तर ताईच्या दारच्या ओट्यावर निम्म्याच कुंड्या उरल्या होत्या. बाकीच्या तिने शेजारणीला देऊन टाकल्या होत्या.

"कशाला दिल्यास?"

"तिकडे खोलीत कुंडी ठेवू देत नाहीत म्हणे," ताई म्हणाली आणि पत्ते पिसायला लागली. त्या दिवशी तिने लबाडी केली नाही. सरळ खेळली आणि हरली. मला रडूच कोसळायचं बाकी होतं.

घरी आले ती पर्स न ठेवताच ह्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "मी लायसन्स काढणार आहे."

मग कितीतरी दिवसांनी ह्यांच्या आवाजात जुना सूर आला. "चढावर तुझी गाडी मागे जाते."

आता हे जुनं प्रकरण सांगायलाच पाहिजे. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी मी गाडी शिकले होते. परीक्षेच्या दिवशी ह्यांचे जोडीदार रजेवर, म्हणून परीक्षा घ्यायला हेच बसले. बायको म्हणून सोडून देतील असं मला मुळीच वाटलं नव्हतं, पण बायको म्हणून थोडं हसतील तरी असं वाटलं होतं. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर ह्यांनी गाडी थांबवली, खाली उतरले, खडूची रेघ मारली, "निघा" म्हणाले. मला! निघा! मी निघाले. नंतर रेघेजवळ वाकून बघून आले आणि म्हणाले, "वीतभर गेली मागे. पुढच्या महिन्यात या." मी म्हणते दोन बोटं. दोन बोटांपेक्षा जास्त मागे गेलीच नव्हती. मी उतरून बघितलं नव्हतं हे खरं, रागाने आतच बसले होते. पण बसल्या जागी माणसाला कळतं की नाही? त्यानंतर मी त्या ऑफिसची पायरी चढले नाही. आमच्या घरात मग काहीही बिनसलं, दूध उतू गेलं, गाडी चुकली, मुलाला कमी मार्क मिळाले, की वाद शेवटी तिथेच येऊन थांबायचा. वीत की दोन बोटं. मुलाच्या लग्नातसुद्धा आमचं ह्यावरून झालं होतं.

"दोन बोटं गेली होती," मी म्हटलं. "आणि आता तीही जाणार नाहीत."

आधी मला शिकाऊ लायसन्स मिळालं, तेवढं सोपं होतं. चालवायला शिकवायचं कोणी, ह्यावर मी एक घोडचूक केली. ह्यांना नेलं. परीक्षक माणसाला शिकवता येत नाही. त्याला फक्त चुका दिसतात. कॉलनीच्या मागच्या मोकळ्या मैदानात गाडी सुरू व्हायच्या आतच मी दोनदा नापास झाले होते, एकदा सीट पुढे ओढली नाही म्हणून आणि एकदा बेल्ट लावताना ह्यांच्याकडे रागाने बघितलं म्हणून. तिसऱ्या दिवशी मी गाडी मैदानाच्या मधोमध सोडली आणि चालत घरी आले. हे गाडीत बसून राहिले. चालवायचं लायसन्स नाही म्हणून गाडी आणता येईना आणि कोणी बोलावल्याशिवाय गाडी सोडून येणार नाहीत, असा माणूस. शेवटी मीच परत गेले.

मग मी शिकवणीला नाव घातलं. शिकवणारी बाई तरुण, केस आखूड कापलेले, सतत काहीतरी चघळत असायची. मला काकू म्हणायची. तिची शिकवण्याची पद्धत साधी होती.

"काकू, गाडी बंद पडली तर काय होतं?"

"काय होतं?"

"परत चालू करायची. बस."

हे माझ्यासाठी नवीनच होतं. आमच्या घरात गाडी बंद पडणं म्हणजे चारित्र्यावर डाग. मी रोज सकाळी जायला लागले. पहिल्या आठवड्यात कचराकुंडी पाडली, दुसऱ्या आठवड्यात त्याच कुंडीजवळून नीट वळले. बाकावरच्या मंडळींमध्ये माझी चर्चा रोज व्हायची म्हणे. वकिलांनी शिंकत शिंकत सांगितलं, वहिनींचं होणार. ट्रम्पेटवाले म्हणाले, टाकीच्या चढावर घात आहे. हे घरी येऊन मला दोन्ही मतं सांगायचे, पण स्वतःचं सांगायचे नाहीत. मात्र मी परत यायच्या वेळी बाल्कनीत उभे असायचे. एकदा मी शिकवणीची गाडी खाली लावली आणि वर बघितलं, तर पटकन आत गेले.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी भाजी निवडत बसले होते. हे समोर येऊन बसले आणि शेंगा सोलायला लागले. शेंगा सोलायला ह्यांनी स्वतःहून हात लावला म्हणजे काहीतरी पोटात आहे हे मी ओळखलं.

"तू परत आली नाहीस," हे म्हणाले.

"कुठे?"

"तेव्हा. पुढच्या महिन्यात. सगळे परत येतात. दातांचा डॉक्टर बघ, किती वेळा आला. मी कोणाला कायमचं नापास करत नव्हतो गं. पुढच्या महिन्यात परीक्षेच्या दिवशी मी तुझी वाट बघत होतो. त्याच्या पुढच्या महिन्यातही."

"मग घरात सांगायचं होतं ना, ये म्हणून!"

"घरात कसं सांगणार? ते ऑफिसचं काम."

मला हसावं की रागवावं कळेना. एवढी वर्षं एका छताखाली राहून ह्या माणसाने माझी वाट बघितली, आणि ती ऑफिसात बसून! मी भाजीचं ताट उचललं आणि आत गेले. आत जाऊन थोडं रडले, हे लपवत नाही. मग बाहेर येऊन सांगितलं की शेंगांच्या शिरा नीट काढलेल्या नाहीत.

परीक्षेला ह्यांना आत यायला मनाई होती. मीच केली होती. हे फाटकाबाहेर उभे राहिले. जाड चष्म्याच्या बाई शेजारी बसल्या, मी निघाले. शाळेजवळच्या पट्ट्यांवर त्या "थांबा" म्हणाल्या तेव्हा आवाज त्यांचा होता, पण म्हणायची ढब अगदी ह्यांची. माझा पाय आपोआप दाबला गेला. एवढी वर्षं ऐकतेय मी. टाकीच्या चढावर त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरल्या आणि पर्समधून खडू काढला. "सरांनी शिकवलंय," म्हणाल्या. हँडब्रेक, क्लच हळूहळू सोडत आणायचा, गाडीचं नाक जरा वर उठलं की मग हँडब्रेक सोडायचा. आखूड केसांच्या बाईंचं सगळं डोक्यात घोळत होतं. गाडीने नाक उचललं आणि सरळ पुढे गेली.

फाटकाजवळ हे मुठी आवळून उभे होते.

"चढावर?" एवढंच विचारलं.

"हलली नाही. पास केलं."

"खडू लावला होता?"

"लावला होता. विचारा तुमच्या शिष्येला."

विचारायला गेले नाहीत. मग म्हणाले, "ताईला फोन कर."

मी फोन केला. ताई म्हणाली, "बघू या, वर येऊन दाखव आधी. कुंड्या परत मागून घेऊ की नको, ते मग ठरवते." मुलगा म्हणाला, "आई, तू? गाडी?" मग म्हणाला, खोलीचं तो महिनाअखेरीपर्यंत थांबवून ठेवतो, तुम्ही आधी एकदा नीट वर जाऊन या.

म्हणजे खरी परीक्षा ताईच्या गल्लीतच होती. रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी चालकाच्या सीटवर, हे शेजारी, पिशव्या ह्यांच्या मांडीवर. वाटेत ह्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. ते ऐकू येत होतं. पायथ्याचा बसथांबा मागे टाकला, गल्लीत वळले, चढ सुरू झाला. वर फाटकात ताई उभी, हातात काठी. पाहिलं आणि काठी वर करून हलवायला लागली. म्हटलं, आता पोचलेच.

तेवढ्यात बाजूच्या बोळातून कचऱ्याची गाडी बाहेर आली आणि बरोबर माझ्यासमोर, उभ्या चढावर, थांबली. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. एकीकडे भिंत, दुसरीकडे गटार, पुढे कचऱ्याची गाडी. टाकीचा चढ ह्याच्यापुढे काहीच नव्हता.

शेजारचं दार उघडलं. ह्यांनी पिशव्या सीटवर ठेवल्या आणि खाली उतरले. एक हात गुडघ्यावर ठेवून, कण्हत, मागच्या चाकाजवळ वाकलेले मला आरशात दिसले. खडू घासल्याचा आवाज आला. मला इतका राग आला! इथे, आत्तासुद्धा! मग हे भिंतीला पाठ लावून, गाडीच्या वाटेतून बाजूला उभे राहिले. कचऱ्याची गाडी हलली, वर जाऊन दुसऱ्या बोळात शिरली. "निघा" असं मात्र हे म्हणाले नाहीत. "नीघ," म्हणाले. "सावकाश. घाई नाही."

त्या एका शब्दाने माझी गडबड झाली, दुसरं काही नाही. हँडब्रेक जरा आधी सुटला. गाडी मागे आली, मग क्लच लागला, इंजिनाने दम धरला आणि गाडी पुढे निघाली. सरळ वर गेले आणि ताईच्या फाटकाशी नेऊन थांबवली. हँडब्रेक ओढला.

"अगं, हातभर गेलीस की मागे!" ताई काठी आपटत ओरडली. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "मी बघितलं ना इथून! चांगली हातभर!"

मी खिडकीतून मान बाहेर काढून खाली बघितलं. हे अजून तिथेच होते. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेकडे बघत उभे होते. धुळीत चाकाचा माग रेघ ओलांडून कितीतरी मागे गेलेला मलासुद्धा वरून दिसत होता. वीत नव्हे, ताई म्हणत होती तसा खरोखर हातभर.

हे वाकले. नीट बघितलं, ऑफिसात बघायचे तसं. मग बुटाने रेघ पुसून टाकली. इकडून तिकडून, पार पांढरं काही उरेनासं होईपर्यंत घासली, आणि मान वर करून ताईला म्हणाले, "तुम्हाला लांबून काय दिसणार ताई? दोन बोटं गेली. मी बघितलंय."